गोळ्या आणि पूर

प्रश्न : सांगलीत कृष्णाकाठी राहतो. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, क्लोझापिन चालू आहे. २०१९ च्या महापुरात तो घर सोडेना. नंतर शिबिरात चार दिवस गोळ्या चुकल्या. आता काय तयारी ठेवावी?

उत्तर : आधी गोळ्यांचं. क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम द्यायचा नसतो. रक्तदाब घसरून माणूस कोसळतो, फिटही येऊ शकते. डॉक्टर १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत नेतात. शिबिरातल्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून चिठ्ठीवर आत्ताच लिहून घ्या.

मे अखेरीस १५ दिवसांच्या जादा गोळ्या मागा. पट्ट्या कापू नका, नाव आणि मुदत त्यावरच असते. दोन झिपच्या पिशव्या करा, एक त्याच्याजवळ आणि एक तुमच्याजवळ. सोबत चिठ्ठी आणि रक्त तपासणीचा शेवटचा रिपोर्ट ठेवा. शिबिरात ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या, क्लोझापिनने त्या कमी होऊ शकतात. नुसत्या पॅरासिटॅमॉलवर भागवू नका. तो बिडी ओढत असेल आणि तिथे ती अचानक सुटली, तर रक्तातलं क्लोझापिन वाढतं. गुंगी, लाळ वाढली तर लगेच डॉक्टरांना सांगा. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

घर सोडण्याचं तो बरा असतानाच ठरवा, आणि त्यालाच ठरवू द्या. आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तुम्ही ३५ लाच निघा. ज्या नातेवाइकांकडे जायचं, तिथे आधी एक रात्र राहून या. निघताना त्याच्याशी एकानेच बोलावं, छोट्या वाक्यांत. त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवर वाद घालू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. मानसिक आजार त्यात येतो. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. रात्री-अपरात्री टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

प्रश्न : आई लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेते. चिपळूणला पूर आला तर वेगळं काय?

उत्तर : पिण्याचं पाणी आणि मीठ. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियम साचतं. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका; शिबिरात त्याच गोळ्या सर्रास वाटल्या जातात. हात जोरात थरथरले, तोल गेला, बोलणं अडखळलं तर पुढची गोळी थांबवून रुग्णालय गाठा.