डर्बीला पहिल्यांदा जाताय ना?

फेब्रुवारीतली मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी ही घोड्यांची शर्यत 2400 मीटरची, हे आधी डोक्यात ठेवा. डिसेंबरातली गिनीज ही शर्यत 1600 मीटरची असते. तिथला विजेता इथे शेवटच्या 400 मीटरमध्ये ढेपाळू शकतो. त्यामुळे नुसता पैजेचा भाव बघू नका, 2000 मीटरच्या वर कोण टिकलाय ते रेसबुकात (घोड्यांच्या आधीच्या शर्यतींची माहिती देणाऱ्या पुस्तिकेत) शोधा.

मग पॅडॉकला, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे जा. घोडा मान सैल सोडून लांब ढांगा टाकतोय का? मागच्या पायांमध्ये घामाचा पांढरा फेस दिसला, तर मी तरी हात आखडता घेतो. (टिप देणारे भेटतीलच, फुकट असतात.)

विनपेक्षा (घोडा पहिला येईल यापेक्षा) प्लेसवर (तो पहिल्या काही क्रमांकांत येईल यावर) थोडे पैसे लावा. खिशातले संपले की एटीएम शोधायचं नाही.