कोळंबीवर आळ आला, गुन्हेगार डाय निघाला

ताई, ‘आठ वर्षं तोच डाय लावतेय, मग आत्ताच कपाळ का पेटलं?’ हे तुमचं वाचलं आणि मला माझी मिशी आठवली. हो, मिशी. केसांबरोबर तिलाही फासायचो. रविवारी लावला, सोमवारी ठणठणीत, मंगळवारी पहाटे वरचा ओठ वडा झालेला आणि कानामागून लस वाहून उशीचा अभ्रा चिकटलेला. मधे एक दिवस गेल्यामुळे घरात सगळा आळ सोमवारच्या कोळंबीवर.

वर्षानुवर्षं चाललं म्हणून पुढेही चालेल, असं या पीपीडीचं, म्हणजे डायमध्ये केस काळे करणाऱ्या रसायनाचं, नसतं. एकदा अंगाला खुपलं की बहुधा जन्मभर खुपतं.

धुणं, डॉक्टर वगैरे इतरांनी सांगितलंच आहे. मी माझा गाढवपणा सांगतो. पाच आठवड्यांनी पुतणीचं लग्न. डोकं अर्धं पांढरं, अर्धं काळं. दुकानदार म्हणाला, ‘काका, ही घ्या, हर्बल काळी मेंदी, अमोनिया नाही.’ मी पुढची हिरवी पानं बघितली, मागची अक्षरं नाही. अहो, अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळं! मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस-नारिंगी. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करते ती नुसती मेंदी नव्हेच, आत बहुतेक वेळा पीपीडी असतं. या खेपेला रात्रीतच डोळे मिटले. हळद चुकली, लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी गॉगल लावून.

पाकिटावरच्या नंबरला फोन केला. ‘सर, ४८ तास आधी टेस्ट केली होती का?’ नाही म्हटल्यावर विषय संपला. भिंग घेऊन पत्रक वाचलं तर खरंच लिहिलेलं. चूक माझी, मान्य. पण ‘हर्बल’ अर्ध्या पाकिटावर आणि इशारा खसखशीएवढा, हे कसं काय?

आता तुम्ही कानामागे थेंब लावून घरी टेस्ट करत बसू नका. एकदा एवढं उठल्यावर ते काम स्किनच्या डॉक्टरांचं. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, म्हणून मे महिन्यात नको. मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेली ट्यूब तर चेहऱ्याला अजिबात नको. दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा. बधिर करायच्या काही जेलमध्ये बेन्झोकेन असतं आणि पीपीडी न सोसणाऱ्या काहींना तेही सोसत नाही.

मी डॉक्टर नाही, बँकेतला रिटायर्ड माणूस आहे, तेव्हा हे सगळं त्या हिशेबानेच घ्या. मात्र घसा आवळला किंवा धाप लागली तर इथे लिहीत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि पाकीट टाकलं नसेल तर मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, माझ्या डॉक्टरांनी पहिलं तेच मागितलं होतं. मी आमच्या कचऱ्याच्या डब्यातून उपसून नेलं होतं, चहाच्या चोथ्यासकट.