चार टीमच्या सामायिक रेपोतला जुना व्हॅटचा कोड काढायचा कसा?

सोलापुरातल्या टॉवेल-चादर कारखान्यांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर, विक्री-खरेदी-स्टॉक-रिपोर्ट अशा चार टीम एकाच रेपोवर (कोडच्या सामायिक साठ्यावर), जीएसटीआधीची व्हॅटची फंक्शन्स अजून पडून, आणि एकाने हात लावला की दुसऱ्याचं मोडतं. तुमचा प्रश्न एवढाच धरून लिहितो.

नावात 'व्हॅट' दिसलं म्हणून कोड मेलाय असं धरू नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तरी डिझेल त्याच्या बाहेरच राहिलं, त्यावर आजही व्हॅटच लागतो. कारखान्याच्या जनरेटरचं डिझेल खरेदीत चढवताना तेच जुनं फंक्शन चालत असेल, आणि विक्रीत मात्र ते खरंच मेलेलं असेल. म्हणून यादी फंक्शन्सची नको, ती जिथून कॉल होतात त्या जागांची करा.

सरळ कॉल गिट ग्रेपने (रेपोत शब्द शोधणाऱ्या कमांडने) सापडतात. घात करतात ते न सापडणारे: डेटाबेसमध्येच साठवलेल्या स्टोअर्ड प्रोसिजर, रिपोर्टच्या टेम्प्लेटमधली नावं, ठरल्या वेळी आपोआप चालणारे क्रॉन जॉब, आणि दोन स्ट्रिंग जोडून फंक्शनचं नाव तयार करणारा कोड. त्यासाठी फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लॉग टाका: कोणी बोलावलं, कुठल्या स्क्रीनवरून, कुठल्या ग्राहकाकडे. तो निदान एक ३१ मार्च ओलांडेपर्यंत राहू द्या. पंधरा दिवस शांत गेले म्हणून काढलंत, तर वर्षअखेरचा रिपोर्ट फुटतो, तोही सीए समोर बसलेले असताना.

लॉग चालू असतानाच नव्या कॉलची वाट अडवा. फंक्शनवर डेप्रिकेटेडची ('आता वापरू नका') खूण, बदली फंक्शनचं नाव आणि कोणत्या आवृत्तीत जाणार ते लिहा. पण नुसत्या सूचनेवर विसंबू नका. पायथॉनमध्ये तर डेप्रिकेशन वॉर्निंग एरवी बहुतेकदा दिसतही नाही. सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या बिल्ड-तपासणीत) मोजणी बसवा: आज ६४ कॉल असतील तर ६५ वा आला की बिल्ड फेल, ६० वर आले की मर्यादाही ६०. माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होतो.

ज्या टीमचे कॉल, त्या टीमनेच बदलायचे, छोट्या पॅचमध्ये आणि थेट मुख्य ब्रँचवर. महिनोन्‌महिने चालणारी 'सफाई' ब्रँच काढलीत की रोज मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीवर दोघांनी केलेले बदल) सोडवत बसाल. एखादी टीम 'बघतो' म्हणून टाळत असेल तर पॅच तुम्ही तयार करा, रिव्ह्यू त्यांनी करावा.

कॉल शून्य झाले तरी लगेच डिलीट नको. एका रिलीजमध्ये फंक्शन फ्लॅगने (सेटिंगमधल्या चालू-बंद खटक्याने) बंद ठेवा, पुढच्या रिलीजमध्ये काढा. काढण्याच्या कमिटमध्ये फॉरमॅटिंगसुद्धा मिसळू नका, म्हणजे वेळ आली तर गिट रिव्हर्ट (ती कमिट उलटवणं) विनाकटकट होईल. डेटाबेसचे कॉलम सर्वांत शेवटी, कारण कोड परत आणता येतो, पुसलेला डेटा नाही. त्याआधी एक तपासा: २०१७ च्या आधीचं बिल पुन्हा छापताना कर नव्याने मोजला जातो का? जात असेल तर साठवलेली रक्कम छापण्याची सोय आधी करा.

मोकळा झालेला फ्लॅग दुसऱ्या कामाला अजिबात जुंपू नका. अमेरिकेतल्या नाईट कॅपिटल या शेअर-दलाली कंपनीत १ ऑगस्ट २०१२ ला हेच झालं. नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर पोचलाच नव्हता. जुनाच फ्लॅग नव्या कामासाठी चालू केल्यावर तिथला २००३ पासून वापरात नसलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

काढण्याचं रिलीज महिन्याच्या २१ ते २५ तारखेत बसवा. ११ ची जीएसटीआर-१ आणि २० ची ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं तोवर भरून झालेली असतात, महिनाअखेर अजून लांब असते. जानेवारी मात्र सोडाच. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला निम्मी टीम रजेवर असते आणि रिव्हर्ट करायला माणूस सापडत नाही.