सीलंट आणि रूट कॅनालसाठी रबर डॅमऐवजी ‘पेटंटेड’ सक्शन माउथपीस चालतो का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. सात वर्षांच्या मुलीच्या दाढांना सीलंट (कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर) लावायचंय, तुमच्या स्वतःच्या दाढेचं रूट कॅनाल करायचंय, आणि दोन्ही वेळा क्लिनिकमधून एकच सांगण्यात आलं: ‘आमच्याकडे आयसोलाइट हा पेटंटेड माउथपीस आहे, रबर डॅमची गरज नाही.’ मुलीला खुशाल बसवू द्या. तुमच्या रूट कॅनालला मात्र रबर डॅमच मागा, म्हणजे उपचाराचा दात तेवढा भोकातून वर काढणारा पातळ रबरी पडदा, आणि त्यावर तडजोड करू नका.

मी दातांची डॉक्टर आहे. बीडीएस मुंबईत केलं, आता प्रॅक्टिस अमेरिकेत, तुमच्यासारखीच. दोन्ही साधनं रोज हाताखालून जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी हे प्रकरण काय आहे ते. मालिबूचे दंतवैद्य थॉमस हर्श यांची ही कल्पना. कंपनी कॅलिफोर्नियातच, सांता बार्बराला, आता झायरिस या नावाने चालते. मऊ, पारदर्शक, एकदा वापरून टाकून देण्याचा तुकडा असतो. त्याचा एक भाग दाढांमध्ये धरून चावायचा, म्हणजे तोंड आपोआप उघडं राहतं आणि जबड्याला ताण देत बसावं लागत नाही. एक पातळ पंखा गालाला बाहेर ढकलतो, दुसरा जिभेला बाजूला दाबून घशाच्या दारावर आडवा येतो. या सगळ्याच्या आतून पोकळ वाटा असतात आणि मागे क्लिनिकच्या मोठ्या सक्शनची नळी जोडलेली असते. ओठाच्या कोपऱ्यात अडकवतात ती बारीक वाकडी नळी वेगळी. मोठं सक्शन मिनिटाला १०० घनफुटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ २,८०० लिटर हवा ओढू शकतं. त्यामुळे लाळ, ड्रिलचं पाणी आणि उडणारे तुषार तिथल्या तिथे खेचले जातात. एका बाजूच्या वरच्या आणि खालच्या दाढा एकदमच मोकळ्या मिळतात. आयसोलाइटमध्ये शिवाय एलईडी दिवा असतो, अख्खा माउथपीस आतून उजळतो. आमचं फिलिंगचं मटेरियल पांढऱ्या उजेडाने वेळेआधीच घट्ट व्हायला लागतं, म्हणून त्या वेळेपुरता तो पिवळसर करता येतो. ही सोय ज्याने केली त्याने नक्की स्वतः हाताने दाढा भरलेल्या असणार.

एवढा आटापिटा कशासाठी? सीलंट काय किंवा दाताच्या रंगाचं फिलिंग काय, दोन्ही दाताला चिकटतात ते दातावर आधी आम्ल लावल्यामुळे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी ही युक्ती दाखवली. आज बहुतेक ठिकाणी ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद लावतात. त्याने एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरावर, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, सीलंटचं पातळ रेझिन त्यात शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. धुऊन, वाळवून झाल्यावर तिथे लाळेचा एक थेंब जरी लागला तरी लाळेतल्या प्रथिनांचा थर ती छिद्रं बुजवतो. मग सीलंट म्हणजे ओल्या भिंतीला दिलेला रंग. दिसतं छान, काही महिन्यांत कडेने सुटायला लागतं आणि किडीला खालून वाट मिळते.

सात वर्षांच्या मुलीच्या पक्क्या दाढा नुकत्याच आलेल्या असतात, कधी मागची कडा अजून हिरडीखाली असते. रबर डॅम धरून ठेवणारा चिमटा अशा दाढेवर नीट बसत नाही, हिरडीला चावतो. एरवी सीलंटला इंजेक्शनची गरज नसते. चिमट्यासाठी मूल रडवायचं कशाला? तिथे हा माउथपीस उपयोगी. लहान मुलांचा वेगळा साइज येतो, तोच वापरणार ना, एवढं विचारा. मोठा साइज कोंबला की पडजिभेजवळ टोचतो आणि पोरांना उलटी आल्यासारखं होतं. सक्शनचा आवाजही मोठा असतो. बसवण्याआधी तिला तो हातात घेऊ द्या, आवाज ऐकू द्या. सर्दी असेल किंवा अॅडेनॉइड्समुळे (नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे) ती तोंडाने श्वास घेत असेल, तर अपॉइंटमेंट पुढे ढकला किंवा डॉक्टरांना आधी सांगा. तोंडाची बाजू अडवल्यावर श्वास नाकानेच घ्यायचा असतो.

आता तुमची दाढ. रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातल्या नळ्यांच्या आत जे धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरात ब्लीच म्हणून असतं तेच रसायन. ते जिभेवर किंवा घशात नको. दातात फिरवायच्या फाइल्स सुईएवढ्या बारीक. हातून सुटलेली फाइल गिळली गेली तर एक्स-रे, श्वासनळीत गेली तर थेट हॉस्पिटल. तिसरं कारण कमी नाट्यमय, पण महत्त्वाचं: नळ्या जंतुमुक्त करायच्या आणि त्याच वेळी लाळ आत येऊ द्यायची, याला काही अर्थ नाही. माउथपीस लाळ ओढून घेतो, पण दाताभोवती सील करत नाही. रबर डॅममध्ये भोकातून फक्त तो दात वर येतो, बाकी सगळं तोंड पडद्याआड. म्हणूनच अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स ही रूट कॅनालच्या तज्ज्ञांची संघटना रूट कॅनालसाठी डॅम अनिवार्य मानते. लेटेक्सची अॅलर्जी असेल तर बिनलेटेक्सचे डॅम मिळतात. दात इतका मोडलाय की चिमटा धरत नाही, असं म्हणाले तर आधी तो दात थोडा बांधून घेतात किंवा डॅम शेजारच्या दातावर अडकवतात. हे नेहमीचं काम आहे.

राहिला ‘पेटंटेड’ हा शब्द. पेटंट मिळतं ते वस्तू नवीन आहे, आधी कुणी केलेली नाही म्हणून. ती तुमच्या दाढेसाठी योग्य आहे का, हे पेटंट ऑफिस तपासत नाही. रबर डॅम न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ साली काढला, आणि पेटंट न घेता व्यवसायबंधूंना फुकट देऊन टाकला. आयसोलाइटला पर्यायही आहेत, ड्रायशील्ड किंवा मिस्टर थर्स्टी. तुमच्या क्लिनिकमध्ये त्यातलं काही दिसलं तर गडबडू नका, तत्त्व तेच.

क्लिनिकला हा माउथपीस आवडण्याचं आणखी एक कारण: सक्शन धरायला असिस्टंटचा हात अडकत नाही, काम लवकर उरकतं. त्यात वाईट काही नाही, तुमचा खुर्चीतला वेळही वाचतो. पण मग त्याचे वेगळे पैसे बिलात लावले असतील तर जरूर विचारा. दात कोरडा ठेवणं हा साधारणपणे उपचाराचाच भाग धरला जातो.

आणि रूट कॅनालला डॅम वापरणार का, हे फोनवरच विचारून घ्या, भूल दिल्यावर नको. ‘आम्ही वापरत नाही’ असं उत्तर आलं तर एंडोडॉन्टिस्टकडे रेफरल मागा.