२५ ची फिल्म २४ वर नेताना आवाजाचं काय करायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे: सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर केलेली २२ मिनिटांची फिल्म, शूट, एडिट, मिक्स सगळं सेकंदाला २५ फ्रेमवर. महोत्सवाने २४ चा डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) मागितला, एडिटरने पिक्चर २४ करून दिलं. आता पहिला संवाद जुळतो, पण मिनिटभरात आवाज अडीच सेकंद पुढे पळतो. आवाजाच्या सॉफ्टवेअरमधलं सेशन (मिक्सचा प्रोजेक्ट) २४ वर टाकून पाहिलं, फरक पडला नाही. मग संवाद कापून एकेक ओळ नव्याने बसवायची का?

अजिबात नको. मिक्सला कात्री लावायच्या आधी नव्या पिक्चर फाईलची लांबी बघा. लांबी २२ मिनिटंच असेल तर एडिटरच्या सॉफ्टवेअरने दर सेकंदाला एक फ्रेम गाळली आहे किंवा शेजारच्या फ्रेममध्ये मिसळली आहे. तेव्हा आवाजाला हात लावायचा नसतो (पिक्चर मात्र हलक्या झटक्यांनी चालतं, विशेषतः कॅमेरा पॅन होताना). लांबी २२ मिनिटं ५५ सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेम जागेवर आहे, फक्त वेग कमी झाला आहे. मिनिटाला अडीच सेकंद हा तुमचा आकडाच सांगतो की प्रकार दुसरा आहे: ६० सेकंदांचं चित्र आता ६२.५ सेकंद चालतंय.

सेशनचा दर बदलून काही का झालं नाही, तेही समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. आवाजाला फ्रेम नसतात. त्याला फक्त सेकंदाचे ४८,००० सॅम्पल (आवाजाचे मोजलेले नमुने) ठाऊक. २५ वर एका फ्रेमच्या वाट्याला १,९२० सॅम्पल येतात, २४ वर २,०००. सेटिंगमध्ये २५ चे २४ केलेत की वरचे टाइमकोडचे आकडे बदलतात, खालचा आवाज होता तसाच राहतो.

आता काम. सगळ्यात आधी महोत्सवाच्या तांत्रिक माणसाला फोन करा आणि विचारा, २५ चा एसएमपीटीई (डीसीपीचा नवा प्रकार) डीसीपी चालेल का? त्या प्रकारात २५ अधिकृतपणे बसतो. जुन्या इंटरऑप प्रकारात २४ चाच भरवसा धरावा. ते हो म्हणाले तर पिक्चर आणि मिक्स दोन्ही मूळ रूपात जातील, आणि माझं ठाम मत आहे की तोच सर्वांत चांगला मार्ग. जे दिग्दर्शकाने बांधलं तेच लोकांना दिसलं-ऐकू आलं पाहिजे.

नाही म्हणाले तर तयार मिक्स ०.९६ वेगाने चालवायचा. २४ भागिले २५ म्हणजे नेमके ०.९६, पुढे दशांशांची शेपटी नाही. रीपर या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयटमच्या (टाइमलाइनवरच्या आवाजाच्या तुकड्याच्या) प्रॉपर्टीजमध्ये प्लेबॅक रेट ०.९६ टाका. तिथेच पिच (पट्टी) राखण्याची खूण आहे. ती काढली तर आवाज जुन्या टेपसारखा मंद होतो आणि पट्टी खाली उतरते. ठेवली तर पट्टी राहते, पण सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून ते लांबवतं.

पट्टी किती उतरते? सुमारे ०.७ अर्धस्वर. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एकच्या जवळ जातं, पण तिथेही नीट बसत नाही. शेजारी दुसरं काही वाजत नसेल तर प्रेक्षकाला गाण्यात ते कळणार नाही. माणसांचे आवाज मात्र जरा भारदस्त होतात, आणि ज्यांनी त्या नटाला प्रत्यक्ष ऐकलंय त्यांना ते जाणवतं.

उलट बाजूला, पिच राखून ताणलं की पहिला बळी जातो ठोक्यांचा. तुमच्या फिल्मवर मला हीच काळजी आहे. यंत्रमागाचा आवाज म्हणजे धोट्याचा खटका, लगेच फणीचा ठोका, पुन्हा खटका. प्रत्येक आघात काही मिलिसेकंदांत उठतो आणि विरतो. टाइम-स्ट्रेचमध्ये त्या आघाताच्या कडा विरघळतात, कधी एका खटक्याचे दोन होतात, आणि खोलीभर माग चालू असताना मागे एक पाणचट घरघर राहते. शेवटच्या गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सीनमधल्या हलगीचंही तेच होईल. हलगीची ती कोरडी थाप गेली तर सीनच गेला.

म्हणून संवाद, संगीत आणि इफेक्ट्सचे स्टेम (मिक्सचे सुटे भाग) वेगळे काढा. इफेक्ट्स आणि हलगी पट्टी उतरवून, साध्या मंद वेगाने घ्या. माग थोडा जड वाजेल, पण खटका शाबूत राहील. संवाद दोन्ही पद्धतींनी करून दिग्दर्शकाला शेजारी बसवून ऐकवा आणि त्याला निवडू द्या. तिन्ही स्टेमची लांबी सारखीच येणार, त्यामुळे ते पुन्हा एकत्र बसतील. एक अट आहे: लोकेशनवरचा मागाचा तोच आवाज संवादाच्या ट्रॅकमध्येही असेल आणि इफेक्ट्समध्येही, तर दोन पद्धती मिसळू नका. एकाच ठोक्याच्या दोन वेगळ्या प्रती वाजायला लागतील. आणि डावा-उजवा किंवा ५.१ चे सहाही चॅनेल एकाच प्रक्रियेतून एकत्र काढा. सुटे सुटे ताणले की त्यांचं आपसातलं नातं तुटतं आणि पडद्याच्या मधोमध बसलेला आवाज डळमळतो.

२३.९७६ चीही खात्री करून घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेन्यूत २४ लिहिलेलं असतं आणि रेकॉर्ड २३.९७६ होतं. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी ३० चे २९.९७ केले गेले, त्याची ही शेपटी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली २५ सोयीचे, आणि म्हणूनच तुम्ही २५ वर होतात. एडिटरची टाइमलाइन चुकून २३.९७६ असेल तर २२ मिनिटांच्या पिक्चरची लांबी २२:५५ ऐवजी साधारण २२:५६.४ येईल. फरक हजारात एक, पण शेवटच्या संवादात ओठ सरळ सुटलेले दिसतील. असा फरक साध्या वेगबदलाने मिटवा, पिच राखायची गरज नाही. एवढी उतरलेली पट्टी कानाला कळत नाही.

पॉप, म्हणजे सिंक तपासायला फिल्मच्या दोन सेकंद आधी ठेवलेला छोटा टोन, विसरू नका. २५ वर तो पहिल्या फ्रेमच्या ५० फ्रेम आधी होता. सगळं मंद केल्यावरही तो ५० फ्रेम आधीच राहतो, पण २४ च्या हिशेबात दोन सेकंद म्हणजे ४८ फ्रेम. जुना पॉप काढून टाका आणि ४८ फ्रेम आधी, एक फ्रेम लांबीचा नवा ठेवा. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी आणखी एक पॉप टाका. सुरुवातीचा पॉप जुळला म्हणजे फक्त सुरुवात जुळली. वेग बरोबर आहे की नाही ते शेवटचाच सांगतो.

मोबाईलवर घेतलेल्या गड्ड्याच्या शॉट्सबद्दल: फोनचा फ्रेमदर बऱ्याचदा स्थिर नसतो. मूळ २५ च्या एडिटमध्ये ते शॉट्स सिंकमध्ये असतील तर काळजी नाही. तिथेच सरकत असतील तर ०.९६ ने काही सुधारणार नाही, ते आधी २५ वरच दुरुस्त करा.

डीसीपी करणाऱ्याला प्रत्येक चॅनेलची सुटी मोनो वेव्ह फाईल द्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. वेगबदलानंतर पीक (आवाजाची सर्वांत उंच टोकं) पुन्हा मोजा, ते किंचित वर सरकलेले सापडतात. तुमची फिल्म ३३,००० फ्रेमची आहे, म्हणजे लीडर (फिल्मच्या आधीची मोकळी पट्टी) आणि पॉप वगळून प्रत्येक फाईल बरोबर ६,६०,००,००० सॅम्पलची हवी. एखादी फाईल कमी-जास्त निघाली तर ती पुढे पाठवू नका, आधी का ते शोधा.