फाइल उघडली, पैसे गेले, खाते गोठले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संगणक आणि गुन्हे या विषयावर नाशिक शहर आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत. बहुतेक पत्रे सगळे घडून गेल्यावर आठवड्याने लिहिलेली आहेत, म्हणून पहिल्याच उत्तरात वेळेचा हिशोब थोडा तपशिलाने दिला आहे.

प्रश्न : ओळखीच्या माणसाच्या व्हॉट्सॲपवरून 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली. मी ती उघडून इन्स्टॉल केली. पैसे अजून गेलेले नाहीत. फोन फॉरमॅट करू का? (इंदिरानगर)

लगेच नको. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि सिम काढून घ्या. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. क्रमांक कार्डाच्या किंवा पासबुकच्या मागचा घ्या. गुगलवर शोधून सापडलेला क्रमांक चोराचाच असण्याची शक्यता असते.

तुम्ही उघडलेली फाइल म्हणजे एपीके. ती कागद किंवा फोटो नसून अख्खे ॲप असते. ते इन्स्टॉल होताना एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागते. ओटीपी चोराकडे जातो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पाठवण्याच्या परवानगीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. यूपीआय नव्या फोनवर चालू करताना बँक त्या सिमवरून एक एसएमएस येण्याची वाट बघते. तो एसएमएस हे ॲप तुमच्या नकळत तुमच्याच सिमवरून पाठवते आणि यूपीआय चोराच्या फोनवर चालू होते. पुढे पिन बदलायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. म्हणूनच ही ॲप्स 'चलान भरण्यासाठी' म्हणून एक फॉर्म दाखवतात. तो भरला असेल तर पैसे गेले नसले तरी कार्ड बदलून घ्या. तुमच्या फोनमधल्या सगळ्यांना तीच फाइल गेली असण्याचीही शक्यता आहे. त्यांना दुसऱ्या फोनवरून कळवा.

ॲप काढताना होम स्क्रीनवर शोधत बसू नका, चिन्ह लपवलेले असते. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत बघा. अनइन्स्टॉलचे बटण करडे दिसत असेल तर त्या ॲपने 'डिव्हाइस ॲडमिन'चा अधिकार घेतलेला आहे. तो आधी काढा, ॲक्सेसिबिलिटीची परवानगीही काढा, तरी जमले नाही तर सेफ मोडमध्ये जाऊन काढा. सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालून ##002# डायल करा, म्हणजे कॉल फॉरवर्डिंग रद्द होईल. आवाजी कॉलवर येणारा ओटीपी त्याच वाटेने जातो. हे सगळे झाल्यावर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग फॅक्टरी रीसेट करा.

हे झाले पैसे गेलेले नसतील तर. गेले असतील तर फोन साफ करू नका. ती फाइल, तो मेसेज, त्याची वेळ हाच पुरावा आहे. तो फोन बंद करून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. तिथे खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि 12 अंकी यूटीआर (व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक विचारतात, ते कागदावर लिहून मगच फोन लावा. तक्रार नोंदली की रक्कम ज्या बँकेत गेली तिला सूचना जाते आणि त्या खात्यात उरलेले पैसे रोखले जातात. 'उरलेले' हा शब्द महत्त्वाचा. चोर काही मिनिटांत रक्कम चार-पाच खात्यांत फोडतो आणि शेवटी एटीएमवरून काढतो. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर बघू म्हणेपर्यंत खाते रिकामे झालेले असते. फोनवर नोंदलेली तक्रार पुढे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर पूर्ण करावी लागते. ते राहून गेले तर तपास अडतो.

बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान तुमचे आणि त्यानंतरचे बँकेचे. 'ॲप तुम्हीच घातले' असे बँक म्हणेल. पण ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, हे अर्जात लिहा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यांचा मदत क्रमांक 14448.

खरे चलान बघायचे तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बघा. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असते. चलान कधीही ॲपच्या फाइलमधून येत नाही.

प्रश्न : आम्ही द्राक्षे नेदरलँड्सला पाठवतो. कंटेनर समुद्रात असताना ग्राहकाला 'आमचे बँक खाते बदलले आहे' असा मेल गेला. त्याने पैसे त्या खात्यात भरले. मेल आमचा नाही. (पिंपळगाव बसवंत)

वेळ बघा : माल निघालेला, कागदपत्रे गेलेली, पैसे यायचे बाकी. हा योगायोग नाही. तुमच्या किंवा ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी काही आठवडे गुपचूप बसून पत्रव्यवहार वाचत होते. म्हणूनच नकली मेलमध्ये कंटेनरचा क्रमांक आणि रक्कम बरोबर असते.

पैसे युरोपातच एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेले असतील, तर परत बोलावण्याचा अर्ज ग्राहकानेच आपल्या बँकेला करायचा असतो, आणि तोही त्याच दिवशी. तुम्ही इथून कितीही फोन केले तरी ते काम त्याच्याच हातात आहे. त्याला नेदरलँड्समध्ये पोलिस तक्रार करायला लावा. तुम्ही सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर आणि नाशिक ग्रामीणच्या सायबर पोलिस ठाण्यात करा. (पिंपळगाव ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते, शहर आयुक्तालयाकडे गेलात तर एक दिवस वाया जाईल.) तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागालाही लेखी कळवा. पैसे आले नाहीत तर ते शिपिंग बिल निर्यातीच्या नोंदीत उघडे राहते आणि पुढच्या हंगामात तेच आडवे येते.

आता गळती कुणाकडे आहे ते शोधा, कारण नुकसान कुणी सोसायचे हा वाद त्यावरच फिरणार आहे. ग्राहकाकडून तो नकली मेल फॉरवर्ड करून मागवू नका. फॉरवर्ड केल्यावर मूळ मेलचे हेडर, म्हणजे तो कुठून आणि कोणत्या वाटेने आला याची नोंद, गळून पडते. मूळ मेल फाइल म्हणून सेव्ह करून, जोडपत्र म्हणून पाठवायला सांगा. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी ठेवले की एम दिसतो, आणि अशा एका अक्षराच्या फरकावर नवे डोमेन विकत घेतलेले असते. पत्ता खरोखर तुमचाच निघाला तर मामला गंभीर आहे. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक, असा नियम तिथे सापडतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट घेऊन मग तो काढा. सगळीकडून लॉगआउट करा आणि द्विस्तरीय पडताळणी लावा.

तुमचा संगणकवाला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल पाठवणाऱ्याच्या पडताळण्या लावून देईल. ते हवेच. त्याने तुमच्या नावाने खोटा मेल पाठवणे अवघड होते, पण एका अक्षराने वेगळे असलेले डोमेन त्याने थांबत नाही. ते थांबते करारातल्या एका ओळीने : 'खाते बदलल्याची सूचना मेलवर ग्राह्य नाही, जुन्या, ठरलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री होईपर्यंत पैसे भरू नयेत.' ही ओळ प्रत्येक प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर छापा. आमच्या मते द्राक्ष निर्यातदाराला यापेक्षा स्वस्त विमा दुसरा नाही.

प्रश्न : कांदा परराज्यात पाठवला, 1 लाख 80 हजार खात्यात आले. दोन दिवसांनी खातेच बंद. बँक म्हणते, सायबर पोलिसांची सूचना आहे. आम्ही काय गुन्हा केला? (लासलगाव)

बहुधा काहीच नाही. कुणा फसलेल्याचे पैसे फिरत फिरत तुमच्यापर्यंत आले. तक्रार झाली की पैशाची साखळी पुढे-पुढे तपासली जाते आणि वाटेतल्या प्रत्येक खात्यावर बंदी लागते. घेणारा चोर आहे की व्यापारी, हे त्या क्षणी कुणी बघत नाही. ही पद्धत कडक आहे, आणि प्रामाणिक माणसाला ती जाचते यात वाद नाही.

बँकेकडून लेखी चार गोष्टी मागा : कोणत्या राज्याच्या कोणत्या पोलिस ठाण्याची सूचना, तक्रारीचा पोच क्रमांक, कोणता व्यवहार आणि किती रक्कम. अनेकदा वादातली रक्कम थोडी असते आणि शाखा अख्खे खाते गोठवून मोकळी होते. बंदी फक्त वादातल्या रकमेपुरती ठेवावी, असा अर्ज बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला एकाच दिवशी द्या. काही उच्च न्यायालयांनी हीच भूमिका घेतली आहे. अर्जासोबत काटापट्टी, हिशोबपट्टी, बिल्टी, ट्रकचा क्रमांक आणि ग्राहकाशी झालेले मेसेज जोडा. माल खरोखर गेला हे दाखवणारा कागद सगळ्यात उपयोगी पडतो. तरी सुटले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, त्याला वकील लागेल.

आता खाते उतारा उघडून एकच गोष्ट बघा : पैसे ज्या फर्मला माल दिला तिच्याच खात्यातून आले का? अशा प्रकरणांत बहुधा तिसऱ्याच व्यक्तीचे नाव निघते. 'भाच्याच्या खात्यातून टाकतो' म्हणणाऱ्याला यापुढे नाही म्हणा.

प्रश्न : मुलगा गंगापूर रोडच्या कॉलेजात आहे. मित्राला वापरायला खाते, एटीएम कार्ड आणि सिम दिले, त्याचे पाच हजार मिळाले. पोलिसांची नोटीस आली आहे. (गंगापूर रोड)

यालाच भाड्याचे खाते म्हणतात. वर सांगितलेली साखळी अशाच खात्यांवर चालते. पोलिसांना पहिला माणूस सापडतो तो खातेदार, बाकीचे टेलिग्रामवरची टोपणनावे असतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ड आणि भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम 318 लागू शकते. नोटिशीला वेळेवर हजर राहायला सांगा, वकील सोबत घ्या. मित्राशी झालेले चॅट पुसू देऊ नका. मुलाला वाटते ते त्याला अडकवेल, पण खाते दुसरा कुणी वापरत होता हे दाखवणारा तोच एक कागद आहे. पाच हजार खर्च करू नका.

प्रश्न : आमचे 14 कामगारांचे वर्कशॉप. सुट्टीनंतर कामावर आलो तर ड्रॉइंग, टॅली, सगळ्या फाइल्सची नावे बदललेली आणि बिटकॉइनची मागणी. बॅकअपची हार्ड डिस्कही गेली. (सातपूर)

बॅकअपची डिस्क संगणकाला कायम जोडलेली होती ना? मग ती बॅकअप नव्हती, दुसरी प्रत होती. खंडणीचे सॉफ्टवेअर (रॅन्समवेअर : फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारे) जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जाते, आणि विंडोजने राखून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्या सगळ्यांत आधी पुसते.

नेटवर्कच्या वायरी काढा, संगणक लगेच फॉरमॅट करू नका. फाइलच्या नावामागे लागलेली नवी शेपटी आणि धमकीची चिठ्ठी यांवरून ते सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखता येते. 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर (डच पोलिस आणि युरोपोल यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या) दोन फाइल्स टाकून बघा. काही जुन्या प्रकारांच्या, फाइल्स पुन्हा उघडणाऱ्या चाव्या तिथे फुकट मिळतात. आज नाही मिळाली तरी बिघडलेल्या फाइल्सची एक प्रत जपून ठेवा, चावी नंतर निघू शकते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवायची असते. छोट्या वर्कशॉपात हे कुणाच्या गावीही नसते. पैसे देऊ नका असेच आम्ही सांगू : दिल्यावर फाइल्स मिळतीलच याची हमी नाही, आणि 'देणारा' म्हणून तुमची नोंद होते.

शिरकाव कुठून झाला? अशा वर्कशॉपमध्ये पहिला संशय राउटरवर. घरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचे 3389 क्रमांकाचे पोर्ट सरळ इंटरनेटला उघडलेले असते आणि पासवर्ड कंपनीचे नाव आणि 123. ते बंद करा, बाहेरून यायचेच तर व्हीपीएनमधून, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतून. दुसरे कारण क्रॅक केलेले सॉफ्टवेअर. तिसरे जुने विंडोज : विंडोज 10 ची सामान्य सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. दुरुस्ती न घेण्याची किंमत 2017 मध्ये दिसली होती. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये छिद्र बुजवले, तरी मे महिन्यात त्याच छिद्रातून वॉनाक्राय हे खंडणीचे सॉफ्टवेअर शिरले. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्याचाच फायदा घेऊन मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि आपला कांदा ज्या बंदरातून जातो त्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचे काम अडले.

पुढे दोन डिस्क घ्या. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी, आणि काम झाले की काढून कपाटात. तिसरी प्रत महिन्यातून एकदा मालकाच्या घरी. तीन महिन्यांनी एकदा त्यातून टॅलीचा डेटा खरोखर उघडून बघा. रिस्टोअर न करून बघितलेला बॅकअप ऐन वेळी रिकामा निघतो.

प्रश्न : आईबाबा जेलरोडला एकटे राहतात. 'डिजिटल अरेस्ट'चा कॉल आला तर? (सध्या पुण्यात)

पोलिस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच 'अटक' करायची आणि पैसे उकळायचे, हा तो प्रकार. कायद्यात अशी अटक नाही. चौकशीची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. आईबाबांना एवढेच सांगा : फोन ठेवला तर काहीही होत नाही. शिवाय मोबाइल बँकिंगची दिवसाची मर्यादा कमी करून ठेवा, आणि बँकेत सोय असेल तर मुदत ठेव ऑनलाइन मोडण्याचा पर्याय बंद करून घ्या. ठेव मोडायला शाखेत जावे लागले की तो कॉल बहुधा तिथेच तुटतो.

प्रश्न : आमचे पंचवटीत छोटे लॉज आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी आमचेच फोटो आणि दुसरा फोन क्रमांक टाकून कुणीतरी बुकिंग घेत आहे. (पंचवटी)

तक्रार करण्याआधी त्या पानाचे पत्त्यासह आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रार केली की पान गायब होते आणि चोर नवे उघडतो. मग गुगल मॅप्सच्या नकाशावरची आपली नोंद मालक म्हणून ताब्यात घ्या. ताब्यात नसलेल्या नोंदीवर 'बदल सुचवा' म्हणून कुणीही फोन क्रमांक बदलू शकतो. दर आठवड्याला अनोळखी फोनवरून आपलेच नाव शोधून बघा. शहर सायबर पोलिस ठाण्यात तक्रार देताना तो क्रमांक, ज्या यूपीआय आयडीवर पैसे मागितले तो आयडी आणि फसलेल्या एका तरी भाविकाची पावती जोडा. ग्राहकांना कळवा की पैसे भरताना पडद्यावर लॉजच्याच चालू खात्याचे नाव दिसले पाहिजे, एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबा. आणि 'परतावा मिळण्यासाठी आधी पाच रुपये पाठवा' असे आम्ही सांगत नाही, हेही त्याच मेसेजात लिहा. फसवलेल्या माणसाला पुन्हा फसवायला हीच युक्ती वापरतात.