फोटोवर बोलताना

प्रिय मित्रा,

कुणी आपला फोटो दाखवून ‘कसा वाटला?’ विचारलं, की ‘एक नंबर’ म्हणून मोकळं होणं सोपं, आणि चुका मोजून दाखवणं त्याहून सोपं. दोन्हींतून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडल्यावर त्याने नेमकं काय वेगळं करायचं, तेवढं सांगता आलं तर बोल.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून ‘शार्प नाही’ असं कधीच म्हणू नकोस. तिथे फाइल दाबली जाते, बारीक तपशील जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. मग अर्धा मिनिट गप्प राहून बघ. नजर आधी कुठे गेली, हे सांगितलंस तर कुणी वाद घालत नाही. समज, नाशिकच्या नारोशंकर मंदिराचा फोटो आहे: ‘नारोशंकराची घंटा सोडून मी त्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिशवीकडेच बघत राहिलो’, एवढं पुरतं.

दोष दिसला की स्वतःला विचार: हे घरी बसून सुधारतं, की तिथेच करायला हवं होतं? समज, गंगापूर धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त आहे. क्षितिज दोन अंश कललंय. ते घरी सरळ होतं, पण कडा कापल्या जातात, तेव्हा काठावरची होडी वाचते का ते आधी बघ. सूर्याभोवतीचं आकाश मात्र पांढरंफटक जळलंय. तिथे माहितीच उरलेली नाही, एडिटिंगचा कुठलाही स्लायडर ती परत आणणार नाही. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सावली बरीच उचलता येते, म्हणून पुढच्या वेळी एक्स्पोजर (फोटोत घेतलेला प्रकाश) एक-दीड स्टॉप खाली ठेवायला सांग; एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा प्रकाश. आणि डोंगराच्या कडेने उजळ रेघ दिसली, तर एडिटिंगमध्ये सावल्यांचा किंवा क्लॅरिटीचा (कडा ठसठशीत करणारा) स्लायडर जास्त ओढलाय, हे ओळख.

सोमेश्वरच्या धबधब्याचे बरेच फोटो १/३० सेकंद शटरस्पीडच्या आसपास फसतात: ना धड रेशमी, ना धड थेंब. थेंब गोठवायचे तर १/५०० किंवा त्याहून जलद, रेशीम हवं तर १/४ सेकंद किंवा त्याहून जास्त, आणि ट्रायपॉड. आधी त्याला काय हवं होतं ते विचार. तुझी आवड त्याच्या गळ्यात मारू नकोस.

श्रावणातला अंजनेरीचा डोंगर मुळातच हिरवागार असतो. त्यावर सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) चढवलं की गवत प्लास्टिकचं दिसतं. फक्त हिरव्या नि पिवळ्या रंगाचं सॅच्युरेशन उतरवायला सांग. हरिहर गडाच्या पायऱ्या खड्याच आहेत, तरी काहीजण आणखी खडा चढ दाखवायला कॅमेरा तिरका धरतात. पायरीवर उभा माणूस कललेला दिसला की पकडलंस. (हे मात्र हसत सांग. बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असतं.)

एका वेळी एकच मोठा दोष घे. आवडलेली गोष्टही नेमकी सांग: ‘छान प्रकाश’ नको, ‘कातळावर उजवीकडून पडलेल्या उन्हाने पायऱ्यांच्या कडा उठल्या’ असं. त्याचा फोटो कापून (क्रॉप करून) दाखवायचा असेल तर आधी त्याला विचार.

एक प्रसंग वेगळा आहे. रामकुंडावर दशक्रिया किंवा अस्थिविसर्जन चाललेलं असतं, आणि कुणीतरी लांब लेन्सने रडता चेहरा टिपून आणतो. फोटो तांत्रिकदृष्ट्या चोख असेलही. त्या माणसाची परवानगी घेतली होती का, हे विचारायलाच हवं, पण चारचौघांत नाही. बाजूला घेऊन विचार.